बाईकाडचा वळसा

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला भूगोलात मी जो पेपर शिकवते त्याचं नाव ‘जीवनाची गुणवत्ता’. नाव भारदस्त आहे. पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही, नुसतं विचारते, “आपलं बरं चाललंय, हे तुम्ही कशावरून ओळखता?” वर्ग एकमेकांकडं बघतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, “पाणी.” सोलापुरात हे उत्तर पहिलं येणारच. नळाला पाणी कधी येणार यावर इथं पाहुण्यांना कधी बोलवायचं ते ठरतं, गोधड्या कधी धुवायच्या ते ठरतं. पाण्यानंतर रस्ता येतो, दवाखाना, वीज, वडिलांची नोकरी. फळा भरतो. हे सगळं मोजता येतं, आणि ते कसं मोजायचं हे वर्षभर शिकवणं हेच माझं काम.

पण मोजताना काहीतरी निसटतं, असं मला सारखं वाटायचं. मी अकलूजची, कालव्याच्या कडेला वाढलेली. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा आमच्या घरापासून मंडईत जायला दोन बोळ होते. एक स्वच्छ, फरशी घातलेला. त्यातून जाताना माझा जीव आखडायचा. दुसऱ्यात गटार उघडं होतं आणि तिथं मला बरं वाटायचं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. म्हणून मी वर्गात एक उद्योग सुरू केला. विद्यार्थ्यांना कोरा कागद द्यायचा आणि घरापासून बसथांब्यापर्यंतची वाट आठवणीतून काढायला सांगायची. जिथं मन निवांत असतं तिथं हिरवी पेन्सिल, जिथं पाय आपोआप भरभर उचलले जातात तिथं लाल. पोरं हसतखेळत काढतात. पानटपरीपाशी सगळ्या मुलींची लाल रेघ असते, हे पाहून मुलगे गप्प होतात. एवढं झालं तरी तास कारणी लागला असं मी धरते.

करोनानंतर वर्ग नेहमीसारखे भरायला लागले त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. कागद गोळा करून मी स्टाफरूममधल्या टेबलावर पसरले होते. शहराच्या पूर्व भागातून, म्हणजे विणकरांच्या वस्तीतून, त्या वर्षी बरेच विद्यार्थी होते. त्यांचे कागद मी शेजारी शेजारी ठेवले, कारण वाट साधारण एकच होती. आणि मला दिसलं की एका ठिकाणी सगळ्यांच्या वाटा वाकतात. एक मोकळा चौक होता. चौकात कुणीच काही काढलेलं नव्हतं. ना झाड, ना खांब, ना देऊळ. तरी ओढ्यातल्या धोंड्याला पाणी वळसा घालून जातं तशा सगळ्या रेघा त्या चौकाच्या मधल्या भागाला वळसा घालून पुढं गेल्या होत्या. कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून. रंग लाल नव्हता, हिरवाही नव्हता. तिथं कुणी रंगच भरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्यातल्या एका मुलीला विचारलं. विणकर घरातली मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, शिक्षण सगळं मराठीतून. हुशार आणि जरा फटकळ.

“इथं काय आहे गं?”

“कुठं मॅडम?”

“इथं. सगळे वळून जाताय ते.”

तिनं आपला कागद हातात घेऊन पाहिला. “काही नाही मॅडम. मोकळंच आहे.”

“मग सरळ का जात नाही?”

“असंच जायचं असतं तिथनं.”

मी तिला खडू दिला. म्हटलं, फळ्यावर काढ, तुझ्या घरापासून थांब्यापर्यंत एक सरळ रेघ. ती आली, घराचा चौकोन काढला, रेघ ओढायला लागली. चौकापर्यंत रेघ नीट गेली आणि मग फुगली, वळसा घालून पुन्हा सरळ झाली. वर्ग हसला. तीही हसली. तिनं ती पुसून परत काढली, या वेळी सावकाश, खडूकडं डोळे लावून. रेघ पुन्हा वळली. आता कुणी हसलं नाही. मग तिनं डस्टरची कड फळ्याला लावली आणि त्याच्या आधारानं रेघ ओढली. ती सरळ आली. खडू खाली ठेवून ती जागेवर गेली आणि ओढणीला हात पुसत राहिली. तास संपेपर्यंत तिचं ते पुसणं चालूच होतं.

त्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला माझा एक जुना विद्यार्थी आता वैरागला शाळेत शिक्षक आहे. संध्याकाळी मी त्याला सहज फोन केला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर विचारलं, त्या चौकातून सरळ का जात नाहीत रे तुमच्याकडचे लोक?

“सरळ कसं जाणार मॅडम? तिथं बाई हाय की.”

“कोण बाई?”

“ते काय म्हाईत न्हाय. बाईकाड म्हणतात त्या जागेला. आमच्या घरात कन्नड, शेजारी तेलुगू, पलीकडं दखनी बोलणारे, पण बाईकाड सगळेच म्हणायचे. लहानपणी खेळताना चेंडू तिकडं गेला तर आमी काठीनं ओढून घ्यायचो.”

“कुणी पाहिलीय का तिला?”

“न्हाय हो. दिसत कुणालाच न्हाय.” तो हसला. “तुमी विचारलं म्हणून सांगतो. हितं वैरागात आमच्या घरासमोर मोठं अंगण हाय. बायको म्हणते, फाटकातनं दारापर्यंत सरळ का येत न्हाय तुमी? मधनं वळून का येता? मला तर कळतच न्हाय मी वळतो ते.”

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकाला लागले, पण लक्ष लागेना. एकदा तर कणकेत मीठ दोनदा घातलं.

एप्रिलमध्ये मी थोडे विद्यार्थी घेऊन तिथं गेले. पाहणी करायची होती: लोक मोकळी जागा कशी वापरतात. बाई वगैरे मी वर्गात काढलं नव्हतं, पण ते सगळ्यांना कळलं होतं. विणकर घरातली मुलगी पुढं होती, तिचीच गल्ली. मोडनिंबचा एक विद्यार्थी होता. त्याच्या घरी मेंढरं होती, उन्हातान्हात माळ तुडवलेला काटक पोरगा. बाकीचे दोघंतिघं पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या सांभाळत मागून.

सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन सांगायला नको. डांबर बुटाला चिकटत होतं. गल्लीत दोन्ही बाजूंना भिंतींच्या आत माग चालू होते आणि त्यांचा खडखडाट इतका सलग होता की थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा झाला. दारादारांत पाण्याची निळी पिंपं. तारांवर टॉवेल वाळत होते. गल्ली संपली आणि चौक आला.

खरोखरच काही नव्हतं तिथं. मुरुमाची मोकळी जमीन, कडेला एक कडुनिंब आणि बंद पडलेला एक टेम्पो. आम्ही लिंबाच्या सावलीत बसलो आणि बघत राहिलो. एक भाजीची गाडी आली, वळसा घालून गेली. शाळेतून सुटलेल्या दोन मुली बोलत बोलत आल्या. मधोमध आल्यावर एक डावीकडून गेली, एक उजवीकडून, आणि पलीकडं गेल्यावर जिथं बोलणं थांबलं होतं तिथूनच त्यांनी पुढं सुरू केलं. गॅसच्या टाक्या घेऊन जाणारा माणूस मोबाईलवर बोलत गेला, रस्त्याकडं त्याचं लक्षही नव्हतं. तोही वळला. कुत्री होती, सगळी कडेकडेनं झोपलेली, एखाद्या ताटाच्या काठावर ठेवल्यासारखी. मधली जमीन नुसती तापत पडली होती. तिच्यावर टायरची एक खूण नव्हती.

“मी जाऊन बघू का मॅडम?” मोडनिंबचा म्हणाला.

“कुठं?”

“मधी. तितं हाय तरी काय बघू की.”

त्याला नको म्हणायला माझ्याकडं काही कारण नव्हतं. तो उठला, टोपी नीट केली आणि सरळ चालत गेला. मधोमध पोचल्यावर त्याच्या पावलांचा आवाज बदलला. आधी मुरूम करकरत होता, आता धप धप असं काहीतरी. तो थांबला. खाली वाकून त्यानं जमिनीजवळ हात धरला.

“मॅडम,” तो ओरडला, “हितं गार लागतंय.”

नेमकी तेव्हाच वीज गेली. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. तो खडखडाट बंद झाला की त्या भागात काय होतं ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. कानातून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. कुत्र्यांनी माना वर केल्या. आणि एकेका दारात माणसं येऊन उभी राहिली. वीज गेली म्हणून बाहेर आली असतील, पण कुणी विजेबद्दल बोललं नाही. सगळे त्या पोराकडं बघत होते. तो मान एका बाजूला कलवून उभा होता. पलीकडच्या गल्लीत कुणी हाक मारावी आणि आपली का दुसऱ्याची ते ऐकायला थांबावं, तसा.

एका दारातून एक म्हातारी म्हणाली, “बाळा, बाजूला हो तिथनं.”

“का हो आजी?”

ती थोडी गोंधळली. “उन्हात कशाला उभा राहतोस,” म्हणाली आणि आत गेली.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याला तिथून घेऊन यावं असं वाटलं. मी निघाले. सरळ त्याच्याकडं बघत, सरळ चालत निघाले. चालताना मला काही वेगळं जाणवलं नाही. पण थांबले तेव्हा तो माझ्यासमोर नव्हता. तो माझ्या डाव्या हाताला, बराच लांब होता, आणि मी चौकाच्या पलीकडच्या कडेला पोचले होते. त्या गल्लीत मी जन्मात पहिल्यांदा आले होते. मला तिथं कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

वीज आली, माग सुरू झाले, आणि तो आपणहून माझ्याकडं चालत आला. त्याच्या दंडावर काटा आला होता, त्या उन्हात.

“काय ऐकत होतास?”

“काय न्हाय मॅडम. दोरावरनं काय तरी खाली सोडावं, तसं वाटलं. माझाच भास असंल.”

मुलीच्या घरी आम्हाला पाणी मिळालं, मग चहा. बाहेरच्या खोलीत तिची आई विड्यांचं सूप बाजूला सारून बसली होती. मोकळ्या मनाची बाई, मराठी तेलुगूच्या वळणानं बोलणारी. एवढी माणसं घरात आल्यानं ती खूश होती. मी म्हटलं, तुम्ही याच गल्लीतल्या का? ती म्हणाली, माहेर पलीकडच्या गल्लीत, सासर ही गल्ली, सगळा जन्म इथंच. मग मी विचारलं, “त्या चौकात कोण बाई आहे हो?”

“बाई?”

मुलगी म्हणाली, “अम्मा, तूच नाही का म्हणायचीस, बाईकाड जाऊ नको म्हणून?”

आई क्षणभर तिच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. “अगं, बाई नाही गं. बायि. बायि म्हणजे आड. आमच्यात आडाला बायि म्हणतात. बायिकाड, म्हणजे आडापाशी. तिथं आड होता ना.”

“मला काय माहीत,” मुलगी चिडून म्हणाली. “मी कधी आड बघितलाय?”

ते खरंच होतं. घरात सगळं तेलुगू बोलत असूनही तिच्या आयुष्यात आड कधी आलाच नव्हता, मग त्याचा शब्द तिला कुठून कळणार? कानावर पडला तो मराठी ‘बाई’ म्हणूनच. आणि शेजारच्या कन्नड घरांतल्या, दखनी घरांतल्या पोरांनीही तोच उचलला. अशी ती बाई तयार झाली होती. सगळे हसायला लागले. मोडनिंबचासुद्धा हसला, जरा जास्तच मोठ्यानं.

“आम्ही लहान असताना सगळी गल्ली त्या आडाचं पाणी भरायची,” आई सांगत होती. “माझी आई रहाटावर उभी राहायची. मग नळ आले. मग कोण कशाला ओढतंय पाणी. पोरं डोकावतात, पडतील, म्हणून बंद केला.”

“कुणी पडलं होतं का कधी?”

“नाही हो. कुणीसुद्धा नाही. चांगला आड होता.”

माझा जीव भांड्यात पडला. आडाला कट्टा असणार, त्या कट्ट्याला वळसा घालून लोक जात असणार. आड गेला, कट्टा गेला, वळसा राहिला. आयांच्या मागून पोरं चालली आणि पोरांच्या मागून त्यांची पोरं. दोन तास शिकवता येईल असं उत्तर होतं. मी कप खाली ठेवता ठेवता सहज विचारलं, “बुजवला कशानं? मातीनं की दगडानं?”

“बुजवला कुठं?” ती म्हणाली. “वरनं मोठ्या फरश्या टाकल्या आणि मुरूम पसरला. आत आहे तसाच आहे.”

मोडनिंबच्या पोरानं कप खाली ठेवला आणि तो उठून दारात गेला.

त्याच दिवशी आम्ही शेजारीपाजारी सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, पण कुणी फारसं घाबरलं नाही. तिथनं जातंय कोण, असंच प्रत्येकाचं म्हणणं. तरी मुलीच्या वडिलांनी आणि आणखी दोघांनी मोडलेल्या मागांचे लोखंडी सांगाडे आणून मध्ये गोल उभे केले. मी महापालिकेतल्या ओळखीच्या एकाला सांगितलं. माणसं येऊन पाहून गेली, लाल पट्टी बांधून गेली. एवढं झाल्यावर माझं काम संपलं असं मी मनाला सांगितलं. पण त्या उन्हाळ्यात मला ती जमीन आठवायची. जिन्यात, बँकेच्या रांगेत, कुठंही. मी त्या पोराला तिथं जाऊ दिलं होतं, तो माझ्या डोळ्यांसमोर चालत गेला होता, आणि त्या पातळ मुरुमाखाली काय होतं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आपल्या पायाखाली जमीन आहे हे मी कधी तपासून पाहिलेलं नव्हतं. कुठल्याच तक्त्यात आम्ही ते धरत नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मुलीचा फोन आला. “मॅडम, खचलं.”

“कुणाला लागलं?”

“कुणाला नाही. नळाला पाणी आलं होतं, सगळे घरात होते. आवाजसुद्धा झाला नाही. माग चालू होते ना.”

मी विभागातच होते, मोडनिंबचा ग्रंथालयात बसलेला होता. त्याला घेऊन रिक्षानं गेले. गल्लीच्या तोंडाशी गर्दी असेल असं वाटलं होतं, गर्दी होतीच, पण शांत. चौकात माणसं गोल उभी होती. कडेनं, जिथून ती नेहमी वळून जायची तिथंच. एक पाऊलही कुणी पुढं नव्हतं. लोखंडी सांगाडे गेले होते, लाल पट्टीचं एक टोक आत लोंबत होतं.

जमिनीत एक गोल भोक पडलं होतं. मी म्हणते भोक, पण ते फार नेटकं होतं, कुणी हातानं कोरल्यासारखं. आतून काळ्या दगडाचं बांधकाम, एक दगड हललेला नाही. आणि वरपर्यंत पाणी. मला वाटलं होतं आत कचरा असेल, गाळ असेल, निदान पडलेल्या फरश्या तरी दिसतील. काही दिसत नव्हतं. सांगाडेही नाहीत. पाणी स्वच्छ होतं आणि अजिबात हलत नव्हतं. एवढं सगळं त्यात पडून गेलं होतं, तरी ते असं होतं जसं तिथं कधी काही पडलेलंच नाही. वरचं आभाळ त्यात होतं, आणि गोल उभ्या राहिलेल्या माणसांची डोकी मात्र त्यात नव्हती, कारण सगळे लांब होते.

मुलीची आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. उन्हाळ्यात पोटभर हसलेली ती बाई आता आडाकडं बघत तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती. मी मुलीकडं पाहिलं.

“आहे म्हणतेय,” मुलगी हळूच म्हणाली. “अजून आहे, म्हणतेय.”

मोडनिंबच्या पोरानं लिंबापासून आडापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. मग म्हणाला, “मॅडम, मी हितंच उभा होतो की.” आणि एवढं बोलून तो होता तिथं खाली बसला. लोकांनी त्याला उचलून लिंबाखाली नेलं, कुणीतरी साखरपाणी आणलं. त्यानं दोनदा ओठाला लावून परत दिलं. दुपारच्या गाडीनं तो गावाकडं गेला आणि आठवडाभर आला नाही. मी फोन केला तर त्याच्या आईनं उचलला. म्हणाली, “बरं हाय आता. पर घराभाईर पडताना काठी आपटत आपटत जातंय. कशाला, इचारलं तर सांगत न्हाय.”

पुढं जे झालं ते चांगलंच झालं. आडाला नवा कट्टा बांधला, वर लोखंडी जाळी बसली, मोटार टाकली. पाणी तपासलं, पिण्याला नको पण वापरायला चालेल असं निघालं. ज्या दिवशी नळ नसतो त्या दिवशी सगळी गल्ली ते पाणी घेते. पिंपांची संख्या कमी झाली. धुण्याची तारांबळ कमी झाली. माझ्या पेपरच्या हिशोबानं त्या वस्तीचं जीवनमान सुधारलं आणि ते खोटं नाही. मुलीची आई रोज सकाळी कट्ट्यावर हळदकुंकू वाहते, आणि तिच्याआधी कुणीतरी वाहून गेलेलं असतं असं ती सांगते.

त्या मुलीनं मग प्रबंधिकेसाठी हाच विषय घेतला: पूर्व भागातले बंद केलेले आड. मोडनिंबचा परत आल्यावर तिच्याबरोबर फिरायला लागला. मी म्हटलं, तू नाही गेलास तरी चालेल. तो म्हणाला, “न्हाय मॅडम, कुटं कुटं हायत ते मला म्हाईत पायजे.” दोघं दिवसा घरोघर विचारत फिरायचे. आधी लोक आठवेना म्हणायचे, मग बोट दाखवायचे. दुकानाच्या पायरीखाली. देवळाच्या मागं. शाळेच्या मैदानात. कधी कधी घरातच.

तसल्या एका घरी ते मला घेऊन गेले. नवराबायको दोघंच राहत होते, वयस्कर. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी ही जागा घेऊन घर बांधलं होतं. छान टापटीप घर. काकूंनी आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः पलंगावर बसल्या. मुलीनं विचारलं, आड कुठं होता? काकूंनी हाताखालची गादी थोपटली.

“इथं. पलंगाखाली. स्लॅब टाकून घेतलाय, काही होत नाही.”

काकांनी मान डोलावली.

“ऐकू वगैरे येतं का काही?” मोडनिंबच्या पोरानं विचारलं. असं विचारावं असं मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

“दुपारी वीज गेली, माग थांबले की येतं,” काकू सहज म्हणाल्या. “पाणी वर चढल्यासारखं. मग उतरतं.”

“भीती नाही वाटत?” मी विचारलं.

“पहिल्यांदा वाटायची. आता एखाद्या दुपारी नाही आलं ऐकू, तर वाटते.”

त्यांनी चहा आणला, बिस्किटांची ताटली फिरवली. बाहेर माग चालू होते. काका त्यांच्या गिरणीतल्या पाळ्यांबद्दल काहीतरी सांगत होते आणि मधेच वीज गेली. पंखा सावकाश थांबला. गल्लीतला खडखडाट संपला. काका वाक्याच्या मधोमध गप्प झाले आणि काकूंनी एक बोट वर केलं.

आम्ही सगळे ऐकत राहिलो. आधी नुसती शांतता होती, मग पलंगाखालून, खूप खालून, भरलेली घागर कुणी जपून जमिनीवर टेकवावी तसा आवाज आला. एकदाच. मुलीनं माझ्या हाताला धरलं. मोडनिंबच्या पोरानं हळूच दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले.

“आलं,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी बिस्किटांची ताटली माझ्यापुढं केली.